शेवट ठाऊक असलेली गोष्ट

एकदा वाचून झालेले पुस्तक पुन्हा का वाचावे? त्यातही ज्या पुस्तकाची निम्मी मौज 'पुढे काय होणार' या प्रश्नावर उभी आहे, ते पुन्हा का वाचावे? आपल्या घरांतील मुले जादूच्या, राक्षसांच्या, अद्भुत देशांच्या कथांचे सात-सात भाग वाचून संपवितात आणि शेवटचे पान मिटले की पहिला भाग पुन्हा उघडून बसतात. आईला नवल वाटते. "अरे, सगळं तर पाठ झालंय तुझं, मग पुन्हा काय वाचतोस?" मुलाला याचे उत्तर देता येत नाही. तो नुसता हसतो आणि पान उलटतो.

हा प्रश्न दिसतो तितका पोरकट नाही. मंडळी म्हणून आपणही दर वर्षी नेमके हेच करीत असतो. उत्तम शुक्रवारी आपण जड मनाने मंदिरात बसतो आणि रविवारी पहाटे काय घडणार हे आपल्यातील लहानात लहान मुलालाही ठाऊक असते. मग शुक्रवारचे आपले दुःख खरे, की ती केवळ रीत? ज्याला शेवट ठाऊक आहे त्याने मधल्या दुःखाकडे कसे पाहावे? त्याने काय बोलावे आणि काय बोलू नये? या लेखात या प्रश्नाचा विचार करावयाचा आहे, आणि तो अद्भुत कथांच्याच वाटेने करू.

बिदर जिल्ह्याच्या औराद तालुक्यातील चिंताकी हे सीमेवरचे गाव. १९५६ पर्यंत हा सारा मुलूख हैदराबाद राज्यात होता. त्या वर्षीच्या नोव्हेंबरात बिदर म्हैसूर राज्यात गेले, आणि तोवर बिदर जिल्ह्यातच असलेले उदगीर, निलंगा, अहमदपूर हे तालुके मुंबई राज्यात गेले. रेषा बदलल्या, गोष्टी मात्र त्याच राहिल्या. अशा गावचे मूल एकच गोष्ट घरी मराठीत ऐकते, शाळेत कन्नडात ऐकते, बाजारात उर्दूत किंवा तेलुगूत ऐकते. कानावर येईपर्यंत ती कितव्यांदा आली याचा हिशेब कोणी ठेवीत नाही. राक्षसाचा प्राण सात समुद्रांपलीकडच्या पिंजऱ्यातील पोपटात आहे, ही गोष्ट सांगताना आज्जीने एखादा समुद्र गाळला तर अंथरुणातून लगेच आवाज येतो, "आज्जी, तसं नाही! अजून एक समुद्र राहिला की!" ज्याला शेवट ठाऊक आहे तोच गोष्टीचा खरा राखणदार असतो.

आणखी एक गंमत पाहा. प्राण कोठे लपला आहे हे ज्या मुलाला ठाऊक नाही, ते राजपुत्र पोपटाच्या पिंजऱ्याजवळून नुसता निघून गेला तर स्वस्थ असते. ज्याला ठाऊक आहे, त्याचाच जीव कासावीस होतो. म्हणजे ठाऊक असल्याने काळजी मिटतेच असे नाही. पुष्कळदा ती ठाऊक असल्यामुळेच सुरू होते.

औरादहून बिदरला प्रथमच जाणारा उतारू दर थांब्याला विचारतो, "बिदर आलं का?" रोज जाणारा खिडकीतून बाहेर पाहतो. तूर फुलावर आली की नाही, ओढ्याला पाणी आहे की नाही, हे त्याला दिसते. पोहोचण्याची चिंता नसल्यामुळे त्याची नजर मोकळी झालेली असते. दुसऱ्या वाचनाचे असेच आहे. नार्नियाच्या सात पुस्तकांचे लेखक सी. एस. लुईस यांनी १९४७ साली प्रसिद्ध झालेल्या एका निबंधात याविषयी लिहिले आहे. त्यांच्या म्हणण्याचा आशय असा की, पहिल्या वाचनात कुतूहलाची भूक इतकी असते की चव घेण्यास सवडच मिळत नाही. ती भूक शमल्यावरच गोष्ट खऱ्या अर्थाने चाखता येते. मुलाला दुसऱ्यांदा हवा असतो तो धक्का नव्हे. त्या धक्क्यात असलेले अद्भुतपण त्याला हवे असते.

आता तर याचे प्रयोगही झाले आहेत. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन डिएगो येथील जोनाथन लेविट व निकोलस क्रिस्टनफेल्ड या संशोधकांनी २०११ साली बारा लघुकथा घेऊन पाहणी प्रसिद्ध केली. ज्या वाचकांना शेवट आधी सांगितला होता त्यांना कथा कमी आवडल्या नाहीत, उलट थोड्या अधिकच आवडल्या. पुढे इतरांनी केलेल्या काही पाहण्यांत याच्या उलटही आढळले, म्हणून त्यावर फार भार टाकू नये. पण आपला प्रश्न आवडीनिवडीचा नाही. शेवट ठाऊक असलेला माणूस वाटेत कसा वागतो, हा आपला प्रश्न आहे.

मराठी ख्रिस्ती वाचकाच्या घरी अद्भुत कथा फार पूर्वीच आली. जॉन बनियन हा बेडफर्ड गावचा, भांडी सांधणारा साधा कारागीर. परवानगीवाचून उपदेश करतो म्हणून १६६० साली त्याला तुरुंगात टाकले आणि जवळजवळ बारा वर्षे तो तेथे राहिला. त्याने लिहिलेल्या यात्रेकरूच्या कथेचा पहिला भाग १६७८ साली निघाला व दुसरा १६८४ साली. हरि केशवजी यांनी 'यात्रिकक्रमण' या नावाने ती कथा १८४१ साली मराठीत आणली, म्हणजे बाबा पदमनजींच्या 'यमुनापर्यटना'च्याही (१८५७) सोळा वर्षे आधी. त्याच दशकात बासेल मिशनने ती कन्नडात नेली. तेव्हा सीमेवरच्या वाचकाला ती दोन्ही अंगांनी भेटू शकते.

या कथेत अद्भुताचे सारे साहित्य आहे : दलदल, राक्षस, गढी, सिंह, काळोखी दरी. आणि तिच्यात दोन मोठी रहस्ये आहेत. पहिले सिंहांचे. डोंगर चढून थकलेल्या यात्रेकरूला अरुंद वाटेवर दोन सिंह दिसतात. त्याच्या आधीचे दोघे ते पाहून मागे पळाले आहेत. तेव्हा वाड्याचा द्वारपाल ओरडून सांगतो की सिंह साखळदंडाने बांधलेले आहेत, वाटेच्या मधोमध चाल. साखळ्या यात्रेकरूला दिसल्या नव्हत्या. दुसरे रहस्य किल्लीचे. निराशा नावाच्या राक्षसाने त्याला व त्याच्या सोबत्याला संशयाच्या गढीत बुधवार सकाळपासून शनिवार रात्रीपर्यंत उपाशी कोंडले, मारले, आत्महत्येचा सल्ला दिला. ते दोघे रात्रभर प्रार्थना करतात, आणि उजाडण्याच्या सुमारास यात्रेकरूला आठवते की, अभिवचन नावाची किल्ली सारा वेळ आपल्याच छातीशी होती.

पहिल्यांदा वाचताना आपण त्याच्याबरोबर घाबरतो आणि त्याच्याबरोबर सुटतो. दुसऱ्यांदा वाचताना मात्र बुधवारपासूनच आपल्या मनात येते, 'अरे, किल्ली तुझ्याजवळ आहे!' येथे वाचकापुढे दोन वाटा फुटतात. एक अशी की, 'किती मूर्ख माणूस हा, खिशात किल्ली असून रडतो!' असे म्हणून पाने भराभर उलटावी आणि सुटकेपाशी यावे. दुसरी अशी की, किल्ली जवळ असूनही माणूस चार दिवस अंधारात राहू शकतो, हे थांबून, नीट पाहावे. पहिल्या वाचकाने शेवट लक्षात ठेवला. दुसऱ्याने माणूस लक्षात ठेवला.

बनियनने स्वतःच हा विषय दुसऱ्या भागात पुढे नेला. त्या भागात यात्रेकरूची बायको व मुले त्याच रस्त्याने निघतात. वाचकाला रस्ता ठाऊक आहे, आणि त्यांच्याबरोबर जो मोठ्या मनाचा वाटाड्या दिला आहे त्यालाही तो ठाऊक आहे, कारण त्याने पुष्कळांना या वाटेने नेले आहे. तरी सिंहांपाशी आल्यावर, तोवर पुढे चालणारी मुले हळूच मागे सरकतात. वाटाड्या रागावत नाही, तो हसतो आणि पुढे होतो. पुढे या मेळ्याला एक दुबळ्या मनाचा माणूस भेटतो आणि एक कुबड्या घेऊन चालणारा. दुबळा म्हणतो की तुम्ही सारे धडधाकट, मी तुम्हांला ओझे होईन. त्यावर वाटाड्या त्याला सांगतो की तुला आम्ही मागे टाकणार नाही, तुझ्यासाठी थांबू, आणि तुला जड जाईल असे काही असेल तर ते सोडूनही देऊ.

बनियनचे सारे शहाणपण येथे आले आहे. ज्याला रस्ता ठाऊक आहे, त्याची चाल वेगवान असायला हवी असे आपल्याला वाटते. बनियन म्हणतो, त्याची चाल हळू असायला हवी. रस्ता ठाऊक असल्यामुळे त्याला घाई उरलेली नाही, म्हणूनच तो लंगड्याच्या पावलाने चालू शकतो.

आता नार्नियाकडे वळू. १९५० ते १९५६ या सात वर्षांत दर वर्षी एक अशी ही पुस्तके निघाली. १९५४ सालच्या पुस्तकात शास्ता नावाचा पोरका मुलगा बोलणाऱ्या घोड्यावर बसून दक्षिणेकडच्या देशातून पळतो. वाटेत त्याला पुन्हा पुन्हा सिंह आडवे येतात. एका सिंहाच्या भयाने तो व अराविस नावाची मुलगी एकत्र येतात. एक सिंह थडग्यांपाशी रात्री कोल्हे हाकलतो. एक सिंह घोड्यांच्या मागे लागतो आणि अराविसच्या पाठीवर ओरखडे काढतो. शेवटी डोंगरातल्या धुक्यात, काळोखात, थकलेला शास्ता रडत चालला असता कोणी न दिसणारे त्याच्या शेजारून चालू लागते. शास्ता आपली कर्मकहाणी सांगतो : इतके सिंह भेटले, माझ्याइतका दुर्दैवी कोणी नाही. तेव्हा त्याला कळते की सिंह एकच होता. त्यानेच भीती घालून गाठ घडविली, त्यानेच रात्री राखण केली, त्यानेच घोड्यांना धावण्याचे बळ दिले. फार पूर्वी मरणोन्मुख बालकाची होडी किनाऱ्याला लावणाराही तोच.

हे कळल्यावर पुस्तक पुन्हा वाचा. प्रत्येक डरकाळी निराळी ऐकू येते. अक्षर एकही बदललेले नाही, पण सारे बदलले आहे. पुढे शास्ता त्याच घाटातून दिवसाउजेडी जातो तेव्हा त्याला दिसते की रात्री ज्या बाजूने तो सोबती चालत होता, त्या बाजूला खोल कडा होता. त्याने एकाच रस्त्याचे दुसरे वाचन केले, आणि पहिल्या वेळी जी नुसती चाहूल वाटली होती ती भिंत होती असे त्याला समजले.

परंतु या प्रसंगातील दोन गोष्टी घाईत वाचणाऱ्याच्या हातून निसटतात. पहिली ही की, सिंह आधी शास्ताला त्याची दुःखे सांगावयास लावतो. त्याला सारे ठाऊक आहे, तरी तो ऐकून घेतो, आणि मग बोलतो. दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची. अराविसला का ओरबाडले, असे शास्ता विचारतो. त्याला उत्तर मिळत नाही. प्रत्येकाला मी त्याचीच कथा सांगतो, दुसऱ्याची नाही, अशा अर्थाचे बोलून सिंह तो विषय थांबवितो. अराविसच्या जखमेचा अर्थ अराविसलाच कळावयाचा आहे, आणि तोही तिच्या वेळी.

हाच नियम पवित्र शास्त्रात योसेफाच्या कथेत सापडतो. उत्पत्तीच्या ३७व्या अध्यायात भाऊ त्याला खड्ड्यात टाकतात आणि विकतात. ५०व्या अध्यायात योसेफ त्यांना सांगतो की तुम्ही वाईट योजिले, पण देवाने त्यातून भले योजिले. हे वाक्य खरे आहे. पण ते कोणी, कोणाला आणि केव्हा म्हटले हे पाहा. ज्याने खड्डा सोसला त्याने ते म्हटले, त्यालाच तो अधिकार होता, आणि मध्ये कित्येक वर्षे लोटली होती. आता कल्पना करा की हेच वाक्य ३७व्या अध्यायात, खड्ड्याच्या काठावर बसून जेवणाऱ्या भावांनी खाली वाकून म्हटले असते : 'योसेफा, रडू नकोस, यात देवाची काही चांगली योजना असेल.' वाक्य तेच, पण ते क्रौर्य झाले असते. सत्य नुसते खरे असून भागत नाही. ते कोणत्या पानावर आणि कोणाच्या तोंडून येते, यावर ते औषध होईल की विष, हे ठरते.

आणि योसेफ स्वतः कसा वागला? ४२व्या अध्यायात भाऊ धान्य घ्यावयास येतात. तो त्यांना ओळखतो, ते त्याला ओळखत नाहीत. कथेचे रहस्य त्या खोलीत एकट्या त्यालाच ठाऊक आहे. त्यांचे आपसांतले बोलणे ऐकून तो बाजूला जातो आणि रडतो. बेथानीतही असेच घडले. लाजर उठणार हे प्रभूला ठाऊक होते. काही क्षणांत धोंड सरकणार होती. तरीही मरीयेचे व तिच्याबरोबरच्या लोकांचे रडणे पाहून तो विव्हळ झाला आणि त्याच्याही डोळ्यांत पाणी आले. शेवट ठाऊक असणाऱ्याने रडू नये, असा नियम असता तर तो तेथे प्रथम लागू झाला असता.

आता आपल्या अंगणात या. गावात एखाद्या घरी तरणाबांठ मुलगा जातो. अंगणात माणसे बसलेली असतात, आई भिंतीला टेकून असते, आणि पहिल्या तासाभरातच कोणीतरी म्हणतो, "प्रभूची इच्छा. सारं चांगल्यासाठीच असतं. रडू नका, आपल्याला आशा आहे." बोलणारा वाईट नसतो, पुष्कळदा तो मंडळीतला चांगला, वचन जाणणारा माणूस असतो. पण त्याने त्या आईच्या कथेची चाळीस पाने एकदम उलटली आणि शेवटचे पान तिच्या तोंडावर धरले. तिला अजून पहिली ओळ वाचवत नाही.

येथे कोणी म्हणेल, मग आशा सांगावयाचीच नाही काय? आपल्यापाशी शेवटचे पान आहे हे लपवून ठेवावे काय? तसे नाही. थेस्सलनीकाच्या मंडळीला लिहिताना पौलाने आशाहीनांसारखा शोक करू नका असे सांगितले. शोकच करू नका असे त्याने सांगितलेले नाही. द्वारपालानेही सिंह बांधलेले आहेत हे लपविले नाही. पण त्याने ते सिंहांसमोर उभ्या राहिलेल्या, मागे फिरू पाहणाऱ्या माणसाला त्याच क्षणी उपयोगी पडेल असे सांगितले : मधोमध चाल. आशा सांगावी ती माणसाला पुढचे पाऊल टाकता यावे म्हणून. त्याचे रडणे आपल्याला सोसवत नाही म्हणून सांगितलेली आशा ही आशा नव्हे. ते आपल्या अस्वस्थतेवर घातलेले पांघरूण आहे.

आणि एक मर्यादाही ध्यानात ठेवावी. स्वतःच्या आयुष्याचे आपण दुसरे वाचन करीत नसतो. शेवटाचे अभिवचन आपल्याजवळ आहे, पण उद्याचे पान आपल्याला ठाऊक नाही. वाचकाला साखळ्या दिसतात, यात्रेकरूला दिसत नाहीत. म्हणून दुसऱ्याच्या संकटात 'सिंह बांधलेलाच आहे' असे बेधडक सांगण्याआधी, आपण वाचक आहोत की यात्रेकरू, हे स्वतःला विचारावे. पुष्कळदा आपल्यालाही साखळी दिसलेली नसते. आपण केवळ दूर उभे असतो.

शब्बाथशाळेच्या शिक्षकांना हा विषय रोजच्या उपयोगाचा आहे. वर्गात अर्ध्या मुलांना योसेफाची गोष्ट पाठ असते. शिक्षक खड्ड्यापाशी येतात न येतात तोच एक हात वर होतो, "सर, मग तो मिसरात मोठा अधिकारी होतो!" त्या मुलाला गप्प बसवू नका आणि घाईने शाबासकीही देऊ नका. त्याला विचारा, "बरोबर. पण खड्ड्यातल्या योसेफाला हे ठाऊक होतं का?" मूल क्षणभर थांबते. त्या थांबण्यात जितके शिक्षण आहे तितके दहा पाठांतरांत नाही. ज्या मुलाने गोष्ट कधी ऐकलेली नाही, त्याच्यापुढे शेवट मात्र सांगून टाकू नका. प्रथम ऐकण्याचा हक्क त्याचा आहे. आणि पुनरुत्थानाच्या रविवारचा पाठ शुक्रवारच्या तासात कोंबू नका. शनिवारला त्याची जागा द्या. शिष्यांना तो दिवस रविवार उद्यावर आहे हे न उमजताच काढावा लागला.

मुले एखादे पुस्तक पुन्हा वाचतात तेव्हा त्यांना अडवू नये, हेही आता निराळे सांगावयास नको. ज्या पुस्तकाजवळ एका गुपिताखेरीज काही नाही ते दुसऱ्या वाचनात आपोआप गळून पडते, कोणी हिसकावून घ्यावे लागत नाही. जे टिकते त्यात काही सत्त्व असते. नार्नियाच्या पहिल्या पुस्तकात एडमंड हा मुलगा मिठाईच्या लोभाने आपल्या भावंडांना वैरिणीच्या हाती देऊ पाहतो. प्रथम वाचताना त्याचा राग येतो. पण त्याला क्षमा मिळते, त्याच्यासाठी कोणी प्राण देतो, आणि पुढे तोच न्यायी राजा होतो, हे ठाऊक असलेले मूल तीच पाने पुन्हा वाचते तेव्हा त्याचा राग निवळलेला असतो. अपराध लहान झालेला नसतो. मुलगा मात्र त्या अपराधाहून मोठा दिसू लागलेला असतो.

आपल्या वर्गात, आपल्या घरात, आपल्या मंडळीत असे एडमंड आहेत, आणि त्यांची गोष्ट अजून मधल्या पानांवर आहे. त्यांच्याकडे पाहताना शेवटाची आशा धरून पाहणे आणि तरीही त्यांच्या आजच्या पानावर त्यांच्याबरोबर थांबणे, या दोन्ही गोष्टी एकाच वेळी साधणे अवघड आहे. पण शेवट ठाऊक असलेल्या माणसाकडून अपेक्षा आहे ती हीच.